दसऱ्याआधीचे एकोणीस दिवस

वसमतला तहसीलच्या रस्त्यावर माझं पत्र्याचं दुकान आहे. आत एक टेबल, कॉम्प्युटर, प्रिंटर, गिऱ्हाइकासाठी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर कॅलेंडर. गाड्यांचा विमा काढून देणं हा माझा धंदा. जोडीला पीक विम्याचे फॉर्म, सातबारा, झेरॉक्स असं सगळं चालतं, कारण नुसत्या गाड्यांच्या भरवशावर बसलो असतो तर माशा मारायलाही दुसऱ्याकडून पंखा आणावा लागला असता. आमच्याकडे गाडीला विमा लागतो हे माणसाला पोलिसानं शिट्टी मारल्यावरच आठवतं.

लोकांना वाटतं, विमा एकदा काढला की देवीच्या लशीसारखा जन्मभर पुरतो. तसं नसतं हे सांगून सांगून माझ्या जिभेला फोड आले. विमा संपतो, आणि संपताना आवाज करत नाही. इंजिन गेलं तर धूर येतो, टायर बसला तर गाडी एका अंगाला ओढते. विमा संपला तर काहीच होत नाही. गाडी काल चालत होती तशीच आज चालते.

संपायचे प्रकार तरी किती! आमच्या इकडच्या गोरेगावच्या एकानं जीपचा विमा घरगुती वापराची म्हणून काढला आणि दुसऱ्या दिवशीपासून ती सेनगावच्या सीटा भरायला लावली. उलटली तेव्हा आत अकरा माणसं होती. कंपनीच्या माणसानं विचारलं, एवढे सगळे घरचेच का? हा म्हणतो, व्हय, लग्नाला चाललो होतो. अकरा जणांची अकरा आडनावं. कंपनीनं हात वर केले. दुसऱ्या एकाचा चेक वटला नाही, म्हणजे त्याची पॉलिसी पहिल्या दिवसापासून नव्हतीच. तसं पत्रही त्याच्या घरी आलं होतं. ते त्याच्या बायकोनं न फोडता देव्हाऱ्यामागं खोचून ठेवलं, कारण पाकिटावर शिक्का होता आणि शिक्क्याचा कागद जपून ठेवायचा असतो. जुनी गाडी घेऊन वर्षानुवर्षं नावावर न करणारे तर पावलोपावली. पहिला मालक मरतो, त्याचं वर्षश्राद्ध होतं, तरी गाडी त्याच्याच नावानं रस्त्यावर पळत असते.

हे किस्से मी चहा पिताना रंगवून सांगायचो. आता कुणी विषय काढला तरी सांगत नाही.

धंदा नवा होता तेव्हा माझ्या दुकानाकडं कुत्रं फिरकत नव्हतं. तेव्हा माझ्या एक लक्षात आलं. आमचा माणूस विम्याचं नाव काढलं की तोंड फिरवतो, पण दसऱ्याला गाडी धुऊन तिला हार घातल्याशिवाय राहत नाही. मग मी फळा रंगवून घेतला. ‘दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडीचा विमा उतरवा. हार, नारळ, लिंबू आमच्याकडून.’ पहिल्याच वर्षी दुकानापुढं रांग लागली. लोक गाडीच घेऊन यायचे. मी पॉलिसीच्या कागदाला हळदीकुंकवाचं बोट लावायचो, गाडीला हार घालायचो, चाकाखाली लिंबू ठेवायचो. बायकामुलं गाडीत बसून लिंबू फुटल्याचा आवाज ऐकायची आणि टाळ्या पिटायची. शेजारचे दुकानदार म्हणायचे, याचं डोकं बघा. मला माझ्या डोक्याचा फार अभिमान वाटायचा.

बघता बघता ती रीतच पडली. विमा कधीपर्यंत आहे, असं कुणाला विचारलं तर तो तारीख सांगायचा नाही. म्हणायचा, “दसऱ्यापर्यंत हाय.” दसरा ते दसरा. मीही कधी त्यांना दुरुस्त केलं नाही. एरवी दसरा दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं येतो, त्यामुळं जुना विमा संपायच्या आत गिऱ्हाईक माझ्या दारात हजर असायचं. पण दोन-तीन वर्षांनी धोंड्याचा महिना येतो. वर्षात एक महिना जास्तीचा घुसतो आणि दसरा एकदम पुढं सरकतो. विमा संपतो इंग्रजी तारखेला. त्याला धोंडा कळत नाही.

त्या वर्षी असा धोंडा आला होता. ज्यांनी आदल्या दसऱ्याला नव्यानं विमा काढला होता, त्यांचा विमा संपल्यावर दसरा यायला एकोणीस दिवस उरत होते. त्यांतले पहिले दहा दिवस पितरांचे. मी यादी केली, एकेकाला फोन लावले. काही आले. काही म्हणाले, बघू. आणि एकजण माझे दाजी होते.

दाजी म्हणजे आक्काचे मालक. जवळा बाजारला त्यांचं बी-बियाण्यांचं आणि खतांचं दुकान. माणूस सरळ, हसतमुख, गिऱ्हाइकाला चहा पाजून वाटेला लावणारा. माझ्या दुकानावरचे पत्रे त्यांनीच दिलेले आहेत. आदल्या वर्षी त्यांनी जुनी पण चांगली पांढरी कार घेतली. मी मागं लागून ती नावावर करायला लावली आणि दसऱ्याला विमा उतरवला. त्या दिवशी त्या गाडीला सगळ्यात मोठा हार मी घातला होता. आक्का पुढच्या सीटवर नवं लुगडं नेसून बसली होती आणि तिचं हसू मावत नव्हतं.

आमचे आई-वडील गेले, तेव्हापासून जावयाचा मान माझ्याकडं. धोंड्याला मी दोघांना बोलावलं. बायकोनं पुरणाचे धोंडे केले, तेहतीस अनारसे ताटात रचले, वर दिवा ठेवला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात. आम्ही त्या वर्षीचा तेरावा महिना तुपात बुडवून खाल्ला. तुपाची धार धरता धरता मी विषय काढला.

“दाजी, यंदा दसरा लांबलाय. तुमच्या गाडीचं आधीच संपतंय. आत्ताच करून टाकू का? पुढची तारीख धरून करता येतं.”

“जेवू दे की रे बाबा. ताटावर इमा काहून आणून राहिला?”

“एकोणीस दिवस गाडी उघडी पडेल.”

“आजवर माझ्या हातून कोणाला खरचटलं न्हाई. एकोणीस दिवसांत काय आभाळ पडतंय? दसऱ्याला करू, हार घालून. तूच लावली न्हं सगळ्याला सवय?”

सगळे हसले. मीही हसलो. आक्का म्हणाली, “पुरं करा आता, धोंडे गार होऊन राहिले.” आणि विषय तिथंच राहिला.

विमा संपायच्या दिवशी मी दुकानातून परत फोन केला. दुपारची वेळ होती.

“दाजी, आज रात्री बाराला संपतंय.”

“पितरं चालू हायत.”

“पितरांचा अन् विम्याचा काय संबंध?”

“माझ्या नावानं नवा कागद पितरात करायचा न्हाई. तुझ्या आक्काला बी चालायचं न्हाई.”

“नवा कुठाय? जुनाच पुढं ढकलायचाय नुसता.”

“लई शिकला तू,” असं म्हणून त्यांनी हसत फोन ठेवला.

आता जे सांगतो त्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो आहे. त्यांच्या गाडीचे सगळे कागद माझ्या कॉम्प्युटरमध्ये होते. दोन मिनिटांचं काम होतं. दुसऱ्या गिऱ्हाइकांचं मी असं कितीदा परस्पर करून दिलंय, मागाहून सांगितलंय, आणि त्यांनी शिव्या न देता पैसे आणून दिलेत. दाजींचं केलं नाही. मला राग आला होता. धोंड्याच्या ताटावर हसले, आता फोनवर हसले. आपल्या धंद्याची बाहेरच्यांना किंमत आहे, घरच्यांना नाही, असं काहीतरी डोक्यात भरलं होतं. दुकानात मी एकटाच होतो. मोबाईल टेबलावर टाकला आणि मोठ्यानं म्हणालो, “मरू दे.” रोज दहादा तोंडात येणारा शब्द आहे. त्या दिवसापासून मी तो वापरलेला नाही.

त्यानंतर पाचव्या दिवशी दाजी वसमतला त्यांच्या चुलत्याकडं पितर जेवायला आले होते. जेवून चारच्या सुमाराला परत निघाले. जवळा बाजारच्या रस्त्यावर सोयाबीनचा ट्रॅक्टर पुढं रांगत होता. दाजींनी त्याला ओलांडायला गाडी बाहेर काढली आणि समोरून मोटारसायकल आली. मोटारसायकलवाल्याची काही चूक नव्हती. तो आपल्या बाजूनं, आपल्या चालीनं येत होता. हे दाजींनीच मला सांगितलं, आणि पुढं कुणाला कधी सांगितलं नाही.

सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा त्या माणसाला नांदेडला हलवायची तयारी चालली होती. स्ट्रेचरवरून पिवळा शर्ट दिसला. मोंढ्यात हळदीचे कट्टे उचलणाऱ्या हमालाचा शर्ट आमच्याकडं कुणीही ओळखतो. कितीही धुवा, तो रंग निघत नाही. त्याची बायको पायरीवर बसली होती. रडत नव्हती. नवऱ्याची एक चप्पल तिनं हातात धरली होती आणि दुसरी कुठं पडली ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती. मलाही विचारलं. मी मान हलवली आणि आत गेलो.

दाजी बाकावर बसले होते. जेवणाआधी लावलेलं गंध कपाळावर तसंच होतं. माझ्याकडं बघून म्हणाले, “काही होतं का बघ रे.”

काय होणार होतं? वरातीमागून घोडं. पण मी व्हरांड्यात जाऊन मोबाईल काढला. नुसता समोरच्याच्या नुकसानीचा विमा गाडी न दाखवताही काढता येतो. फॉर्म भरत गेलो. शेवटी एक चौकट असते. जुना विमा संपल्यापासून आजपर्यंत या गाडीला अपघात झालेला नाही, असं लिहिलेलं असतं आणि तिथं खूण करायची असते. बाहेर रुग्णवाहिकेचं दार लागल्याचा आवाज आला. मी खूण केली.

कागद निघाला. त्यावर स्पष्ट छापलं होतं, विमा आज रात्री बारापासून लागू. मी हवालदाराला बाजूला घेतलं. म्हटलं, “साहेब, अपघाताची उद्याची तारीख पडली असती तर…”

तो माझ्याकडं न बघताच म्हणाला, “दवाखान्याच्या वहीत टाइम पडला, माझ्या मोबाईलात फोटो पडले. आता काय पडायचं राहिलं?”

तरी तो कागद मी दाजींच्या हातात ठेवला. त्यांनी तो बाकीच्या कागदांबरोबर ठाण्यात दिला. तारखेच्या खालची बारीक ओळ कुणी वाचली नाही. फायलीत एक पॉलिसी लागली, एवढं सगळ्यांना पुरेसं होतं.

दिवाळीनंतर ती बाई माझ्या दुकानात आली. मी तिला लगेच ओळखलं. तिनं मला ओळखलं नाही. पदराच्या गाठीतून तिनं दवाखान्याची एक चिठ्ठी सोडवली. चिठ्ठीच्या मागं गाडीचा नंबर लिहिला होता.

“साहेब, दसऱ्याला हार घालता ते तुमीच न्हं? आडतीवर सांगितलं, इमा हाय का न्हाई ते तुमी पाहून देता म्हणून.”

मी खुर्ची पुढं केली. ती बसली नाही. नवऱ्याचं सांगत राहिली. कमरेखाली त्यांना काही कळत नाही. डॉक्टर म्हणाले, आता असंच. घरात दोन पोरी. ती स्वतः मोंढ्यात हळद निवडायला जाते. “वकील म्हणला, त्या गाडीला इमा असंल तर त्यायला बसून खायपुरतं भेटंल. नसंल तर भांडत बसा जन्मभर. तेवढं पाहून द्या.”

नंबर वाचायची मला गरज नव्हती. तरी मी चिठ्ठी समोर ठेवून एकेक अक्षर टाइप केलं. स्क्रीनवर आलं, विमा वैध, पुढच्या वर्षापर्यंत. मीच काढलेला तो. सुरुवात कधी झाली ते तिथं दिसत नाही, संपणार कधी तेवढंच दिसतं.

“हाय का?” तिनं विचारलं.

तेव्हा सांगायला पाहिजे होतं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, तोंडात जीभ होती. पण आपलेच दात, आपलेच ओठ. मी म्हणालो, “इथं तर आहे असं दिसतंय.”

तिनं कॉम्प्युटरच्या काचेला बोटं लावली आणि ती कपाळाला लावली. मग ती खुर्चीवर बसली. तिला पाणी दिलं. ते पिऊन ती म्हणाली, “आज त्यायला जाऊन सांगते, झोपतील तरी.” फी किती म्हणून विचारलं. मी हात जोडले. मला स्वतःची किळस आली, हे मी इथं सरळ लिहितो, कारण त्या दिवशी कुणाला सांगता आलं नाही.

मग कोर्ट सुरू झालं. दाजी आणि कंपनी, दोघांवर दावा. दाजींच्या वकिलानं पहिल्याच भेटीत सांगितलं, कंपनी अंग काढून घेणार, निकाल तुमच्यावर बसणार, तेव्हा नावावर काही ठेवू नका. महिन्याभरात दुकान आणि शेत आक्काच्या नावानं झालं. पितरात माझ्या नावानं नवा कागद नको म्हणणाऱ्या माणसानं हा कागद करताना तिथी पाहिली नाही, वार पाहिला नाही. आक्का अंगठ्याला शाई लावताना रडत होती. “असं करू नाही वो,” एवढंच ती दोनदा म्हणाली. दाजींनी तिच्याकडं पाहिलं नाही. साक्षीदार म्हणून त्या कागदावर माझी सही आहे.

दाजी वाईट माणूस नाहीत. मी त्यांना तीस वर्षं ओळखतो. त्यांनी गाडी तेव्हापासून झाकून ठेवली आहे, ते एसटीनं फिरतात. दुकानात गिऱ्हाइकाला अजून चहा पाजतात. पण आता आमच्याकडं आले की माझ्या दुकानात येत नाहीत, परस्पर घरी जातात. धोंड्याच्या जेवणाची आठवण आमच्यात कुणी काढत नाही.

ती बाई परत आली ती पुढच्या वर्षी, आखाडात. दिवसभर झिमझिम चालू होती. यावेळी ती न सांगता बसली. कंपनीनं कोर्टात दिलेला जबाब तिच्या हातात होता. वकिलानं तिला तो वाचून दाखवला होता, पण तिला पटत नव्हतं.

“साहेब, तुमी म्हणले व्हते इमा हाय. हे म्हणून राहिले न्हाई. तुमीच पाहा बरं.”

मी कागद घेतला नाही. म्हणालो, “ते बरोबर म्हणतात. त्या दिवशी विमा नव्हता. तो आधीच संपला होता.”

“संपला म्हंजे? गाडी तर चालू व्हती.”

वीस वर्षं मी लोकांना हेच समजावत होतो. मी तिला सगळं सांगितलं. गाडीवाले माझे दाजी आहेत. आधीचा विमा मीच काढला होता. स्क्रीनवर दिसला तो अपघातानंतर काढलेला, तोही मीच काढला. त्या दिवशी तुम्हाला आहे म्हणालो ते खोटं होतं. शेत त्यांच्या नावावर राहिलेलं नाही, तेव्हा निकाल तुमच्या बाजूनं लागला तरी हाती काय येईल ते मला सांगता येत नाही. हे बोलताना मी टेबलावरच्या स्टेपलरकडं बघत होतो.

तिनं पुढं केलेला कागद मांडीवर ठेवला. मग म्हणाली, “मंग तुमाला पह्यल्या दिवसापासून म्हाईत व्हतं.”

“हो.”

“मी त्यायला सांगितलं व्हतं, हाय म्हणून. अजून त्याच भरवशावर हायत ते.” ती कागदाची घडी घालू लागली. घडी नीट बसेना, तिनं ती उलगडून परत घातली. “कधी संपला व्हता पह्यला?”

“अपघाताच्या पाच दिवस आधी.”

“पाचच दिवस?” आणि मग तिनं तो प्रश्न विचारला, ज्याची मी वर्षभर वाट बघत होतो. “काहून न्हाई केला मंग?”

“पितरं चालू होती. ते म्हणाले, पितरात नको, दसऱ्याला करू.”

मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. तिनं शिव्या द्याव्यात, तळतळाट द्यावा, टेबलावरचा कॉम्प्युटर ढकलून द्यावा, मला काहीही चाललं असतं. माझी तयारी होती. तिनं सावकाश मान हलवली.

“बराबर हाय,” ती म्हणाली. “पितरात कोण करतंय नवं काम? आमी बी करत न्हाई. त्या दिशी आमच्या सासऱ्याचं पितर व्हतं. घास ठिवला, कावळा लौकर शिवला न्हाई. म्हणून हे उशिरा निघाले कामाला. न्हाईतर कवाच मोंढ्यात पोचले असते.”

ती हे समजूत काढल्यासारखं बोलत होती. माझी समजूत. तिचं म्हणणं असं होतं की यात कुणाचंच चुकलं नाही. दाजींचं नाही, कावळ्याचं नाही. आणि मला माहीत होतं की चुकलं होतं, माझं चुकलं होतं, फळा रंगवला त्या दिवसापासून. पण ते तिला कसं समजावू? जे मी माझ्या सख्ख्या दाजींना समजावू शकलो नाही!

ती उठली. दारापर्यंत गेली आणि थांबली.

“एक विचारायचं व्हतं. ह्यांची गाडी दुरुस्त केलीय. माझा भाऊ चालवतो, मला मोंढ्यात सोडतो, पोरीला शाळंत सोडतो. तिचा इमा किती दिवसांपासून न्हाई कोण जाणे. काढून द्याल का?”

मी उभाच राहिलो. म्हणालो, “आत्ताच काढतो. बसा. दोन मिनिटांचं काम आहे, पैसे नकोत. फक्त नंबर सांगा गाडीचा.”

ती आठवू लागली. नंबर आठवेना. दोनदा ओठ हलले, आणि जो नंबर बाहेर पडला तो दाजींच्या कारचा होता. तिच्याही ते लक्षात आलं.

“आमच्या गाडीचा ध्यानात न्हाई,” ती म्हणाली. “हाच पाठ झालाय.”

“मग भावाला फोन लावा. नाहीतर उद्या या. उद्या सकाळीच या गाडी घेऊन.”

“आज आमोशा हाय साहेब, आज नको. अन् उद्यापासून निंदणीला जायचंय.” तिनं डोक्यावर पोत्याची खोळ घेतली. “दसऱ्यालाच येते गाडी घेऊन. चांगला दिवस हाय. हार देता न्हं तुमी?”

मी हो म्हणालो. नाही म्हणायची मला सोय नव्हती. बाहेर तिचा भाऊ मोटारसायकल चालू करून उभा होता. ती मागं बसली, आणि पावसात नंबर प्लेट दिसायच्या आत गाडी तहसीलच्या वळणावर गेली. मी आत येऊन कॅलेंडर उलटून पाहिलं. दसऱ्याला अजून सव्वादोन महिने होते.